जुन्या साच्याचा बूट

बाबांनी बादलीत प्लास्टर कालवायला घेतलं आणि भिंगरी दारातच थबकली.

"ये, बस. मोजे काढ," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? निवड चाचणीचे बूट करायचेत ना तुझे! नवा साचा घेतो पायाचा."

मोजे काढायचे म्हणजे संपलंच की सगळं. कारण बाबा एक वेळ माणसाचा चेहरा विसरतील, पण पाय? छे! रस्त्यात कुणी भेटलं की आधी खाली बघणार, मग वर, आणि मग म्हणणार, "अरे हां, तू तो वाकड्या अंगठ्याचा ना?" असा माणूस. सायकलपटूंचे बूट बनवण्यात उभा जन्म गेलेला. त्यांनी भिंगरीचा तळवा नुसता हातात घेतला असता ना, तरी सगळं बिंग फुटलं असतं.

"बाबा, जुनाच साचा वापरा ना," ती घाईघाईत म्हणाली. "त्याच साच्याच्या बुटांत मी जिंकलेय. लाभतो तो मला."

बाबांच्या हातातली काठी बादलीत तशीच थांबली. भिंगरीला वाटलं, मेले, पकडलं! पण बाबांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका.

"म्हणजे साचा अगदी बरोबर आहे म्हणतेस?"

"अगदी."

"ऐकू दे हे तुझ्या आत्याला!" असं म्हणून त्यांनी ते कालवलेलं प्लास्टर खुशाल परसात ओतून दिलं, फळीवरून भिंगरीच्या पायांचा जुना साचा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि गुणगुणत कामाला बसले. भिंगरीने काढता पाय घेतला. जिन्यात पोचेपर्यंत तिला श्वास घ्यायचंच सुचलं नव्हतं.

तर आता ही भानगड काय ते आधी ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

भिंगरी म्हणजे बाबांची एकुलती एक मुलगी. पेडल इतकं गरागरा फिरवायची की क्लबातल्या कुणीतरी तिला भिंगरी म्हटलं आणि मग घरीदारी तेच चिकटलं. घर वरच्या मजल्यावर, खाली बाबांची कामाची खोली. लांबोडकी, चामड्याचा आणि डिंकाचा वास, एका भिंतीला नुसते पायच पाय. म्हणजे प्लास्टरचे साचे हो! ज्याचा बूट त्याचा साचा, टाचेखाली नाव. आणि खोलीचं दार असं आगाऊ, की जरा वारा आला की धाडकन आपटायचं. तिथे काहीतरी टेकू लावा म्हणून सगळे सगळ्यांना सांगायचे. लावायचं कुणीच नाही.

बाबांच्या बुटाची दोन वैशिष्ट्यं. एक म्हणजे तळ दगडासारखा कडक, कार्बनचा. पायाने जोर लावला की तो सगळाच्या सगळा पेडलमध्ये, बूट वाकण्यात जराही वाया जायचा नाही. आणि दुसरं म्हणजे आतला सोल. त्याला तळव्याच्या कमानीखाली एक मस्त उंचवटा, ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे. दमलं तरी कमान खाली बसत नाही, पाय आत लवंडत नाही, गुडघा सरळ वर-खाली. लांबलांबचे सायकलपटू त्या बुटांवर जीव टाकायचे.

आणि आत्या? आत्या बाबांची थोरली बहीण, त्याच घरात मागच्या खोलीत राहायची आणि क्लबात मुलींना शिकवायची. तिला तो उंचवटा बघितला तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"पायात स्नायू दिलेत ना रे?" ती म्हणायची. "मग त्यांना काम करू दे की! तू त्यांना लोडाला टेकवून बसवतोस. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, तू हिचे पाय पाळण्यातून बाहेरच काढले नाहीस!"

"ताई, पेडलवर पाय फक्त दाबायचा असतो. नाचायचं नसतं."

असं रोजचं. गंमतच होती ती, मागच्या मोसमापर्यंत. मागच्या मोसमात काय झालं, शर्यत संपत आलेली, भिंगरी पुढच्या घोळक्यात, आणि फट्! टायर फुटला. मदतीची गाडी मागे कुठेतरी अडकलेली. त्या कडक तळाने पळता येईना, म्हणून तिने बूट काढून हातात घेतले, सायकल खांद्यावर टाकली आणि मोज्यांवर पळत सुटली. आणि थोडं पळते न पळते तोच तळव्यात असा काही गोळा आला की ती रस्त्याच्या कडेला पाय धरून बसली ती बसलीच. सगळा घोळका, मागचे, त्यांच्याही मागचे, सगळे गेले निघून.

त्या संध्याकाळी घरात जे वाजलं, ते वाजलं.

"बघितलंस? चार पावलं पळवेना पोरीला! बुटाबाहेर पाय मेलेत तिचे!"

"सायकलपटूने पळायचं कशाला? टायर फुटला त्याला बूट काय करणार?"

आणि शेवटी बाबा असे लाल झाले आणि म्हणाले, "ज्याचा माझ्या बुटावर विश्वास नाही, त्याने माझ्या बुटात पाय घालू नये. कुणीही!" हे 'कुणीही' म्हणताना त्यांनी भिंगरीकडे बघितलं. दार धाडकन आपटलं, आणि त्या वेळी वारा नव्हता.

तेव्हापासून बहीण-भाऊ एकमेकांशी भिंगरीमार्फत बोलायचे. "तुझ्या बाबांना सांग, मीठ दे म्हणावं." "तुझ्या आत्याला सांग, हाताशीच आहे." मीठ मध्येच, दोघांच्या हाताच्या अंतरावर!

आणि भिंगरी? इकडे आड, तिकडे विहीर. तिला बाबांचा बूट पण हवा होता आणि तो रस्त्याकडेचा गोळा पुन्हा कधीच नको होता. म्हणून ती आत्याकडे गेली. गुपचूप. बाबांना सांगायचं नाही या अटीवर. आत्याने तिला क्लबाच्या मागच्या अंगणात खडीवर अनवाणी चालायला लावलं, टॉवेल बोटांनी गोळा करायला लावला, बोटं पंख्यासारखी पसरायला लावली, एकेका बोटाने गोट्या उचलायला लावल्या. पहिले काही आठवडे तर बोटं ढिम्म हलेनात. जणू दुसऱ्याच कुणाची! मग एकदा करंगळी हलली आणि भिंगरी अशी किंचाळली की आत्याच दचकली.

मग काय, वेडच लागलं. दात घासताना बोटं, अभ्यास करताना बोटं, जेवताना टेबलाखाली गोटी. एकदा तर ती गोटी निसटली आणि गडगडत थेट बाबांच्या पायाशी. बाबा खाली वाकले. आत्याचा घास हातातच राहिला.

"ही कुणाची?"

"माझीच. दप्तरातून पडली असेल," भिंगरी म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, तिचे कान तापले होते. बाबांनी गोटी टेबलावर ठेवली. "खेळायचं वय आहे का आता तुझं," एवढंच म्हणाले आणि मीठ मागितलं, भिंगरीमार्फत.

सांगायचा मुद्दा असा, की मोसम फिरून आला तोवर भिंगरीचा पाय तो पाय राहिला नव्हता. चवडा रुंद झाला होता, बोटं सुटी सुटी, कमान आपली आपण उभी, तळव्याची कातडी जाड. जुने बूट वापरून वापरून पायाबरोबर ढिले होत गेले, म्हणून जुना साचा आता लहान पडेल हे तिला जाणवलंच नाही. आणि मग तो साचा लाभतो वगैरे ती बोलून बसली!

नवे बूट झाले. काय देखणे झाले होते, सांगू! पांढरेशुभ्र, वर घट्ट करायची चकती, चामड्याला चिमटीत धरायला जागा नाही. घालून बघितले तर करंगळीला कच्चकन लागलं.

"कसा बसतोय?" बाबा गुडघ्यावर बसून बघत होते. डोळ्यांत असं काही की... नाही सांगता येत.

"मस्त," भिंगरी म्हणाली. मनात म्हणाली, नवा आहे, होईल सैल.

बूट खरोखर नेमका बसत होता. फक्त मागच्या मोसमातल्या पायाला.

चाचणीचा दिवस उजाडला. बंद केलेल्या रस्त्यावर गोल गोल फेऱ्या, गोदामांच्या मागून सरळ, मग चढ, चढावर पाण्याच्या टाकीचं वळण आणि खाली उतरून परत अंतिम रेषा. पहिल्या तिघींना संघात जागा. चौथीला काय, टाळ्या. टाकीच्या वळणावर सगळ्यांची माणसं जादा चाकं घेऊन उभी, त्यात बाबा. रेषेपाशी शिकवणारे, त्यात आत्या. नियम साधा. मदत हवी असेल तर थांबायचं, पाय जमिनीला टेकवायचा, मगच कुणी हात लावायचा.

सुरुवातीला भिंगरी वाऱ्यासारखी गेली. खरं सांगते, तो कडक तळ असा जोर पुढे ढकलत होता की चढ चढासारखा वाटेना! एक उंच मुलगी, एक हिरव्या हेल्मेटवाली, क्लबातलीच एक जाडजूड वेणीवाली आणि भिंगरी, चौघी पुढे. बाकीचा घोळका बराच मागे. चौघी आणि जागा तीन.

मग उजव्या चवड्यात एक ठिणगी पडली. छोटीशीच. पुढच्या फेरीत तिचा निखारा झाला. बोटं एकमेकांवर चढलेली, आणि कमानीखालचा तो उंचवटा, ज्याची आता कमानीला गरजच नव्हती, तो खालून मुठीसारखा रुतत होता. तिने वाकून चकती सैल केली. तर टाच आतल्या आत उचकायला लागली. परत घट्ट केली. आगीतून फुफाट्यात!

टाकीच्या वळणावर बाबा ओरडले, "झकास! अशीच! बूट बघ कसा चाललाय!"

भिंगरीने दात दाखवले. हसल्यासारखे.

रेषेपाशी आत्या ओरडली, "खांदे सैल सोड! काय होतंय?"

काही नाही, असं तिने मानेने सांगितलं. आणि त्याच फेरीत निखारा विझला. आता बरं वाटायला हवं होतं ना? पण नाही हो, निखारा विझला म्हणजे पायच विझला. चवड्याच्या जागी लाकूड. जोर लावतोय की नाही तेच कळेना. चढावर उंच मुलीने सायकल थोडी पुढे काढली, बाकीच्या दोघी तिला चिकटल्या, आणि भिंगरीच्या पुढच्या चाकासमोर पहिल्यांदाच मोकळा रस्ता दिसला. आधी हातभर. मग सायकलभर.

डोक्यात नुसता कल्लोळ. असंच रेटलं तर? पाय आणखी मरणार, तिघी जाणार, संपलं. थांबलं तर? थांबलं तरी तिघी जाणार. आणि थांबायचं कुणापाशी, तर बाबांपाशी! बूट काढायचा कुणासमोर, तर बाबांसमोर! सगळ्या क्लबासमोर, सगळ्यांच्या बापांसमोर, ज्यांच्या पोरींच्या पायांत बाबांचेच बूट होते.

टाकी आली. तिने ब्रेक दाबले.

"चाक?" बाबा मागचं चाक घेऊन धावले. "कुठलं? पुढचं की मागचं?"

"चाक नाही. बूट काढा."

"बुटाला काय झालं?"

"बुटाला काहीच नाही झालं. बाबा, माझा पाय बदललाय."

बाबांना काही उमगलं नाही. डावा पाय जमिनीवर टेकून भिंगरीने उजवा वर केला, चकती उलटी फिरवली, बूट उपसला, मोजा ओढला. आणि बाबांनी सवयीने तळवा हातात घेतला.

आसपास केवढा गोंधळ चाललेला, शिट्ट्या, आरडाओरडा. बाबांनी अंगठ्याने कमान दाबली. ती दबली नाही. त्यांनी बोटं बघितली. एकेक सुटं, आणि त्यांवर शिवणीचे लाल वळ. जाड कातडी त्यांच्या अंगठ्याला खरखरली.

"हा कुणाचा पाय?" बाबा म्हणाले.

"माझाच."

"कधीपासून?"

"मागच्या मोसमापासून. आत्याकडे जाते. बाबा, रागवा, पण नंतर रागवा ना!"

मागून दुसरा घोळका चढ चढताना दिसायला लागला. बाबा उठले. भिंगरीला वाटलं, हे आता जाणार निघून. पण त्यांनी कमरेच्या पिशवीतून रापी काढली, चामडं कापायची, जी कधी शर्यतीला लागत नाही तरी त्यांच्या कमरेला असतेच. बुटात हात घालून आतला सोल उंचवट्यासकट खसकन उपटला आणि टाकला रस्त्याकडेला. मग बुटाची करंगळीकडची बाजू धरली आणि त्या पांढऱ्याशुभ्र चामड्यात रापी घातली. उभी चर्रर्र चीर.

शेजारचे एक काका ओरडलेच, "अहो, काय करताय!"

"बाबा, तो बूट..."

"गप्प. मोजा चढव, पाय घाल. डावा?"

"डावा सोसेल."

बुटाच्या तळाखालची क्लीट खटकन पेडलमध्ये अडकली. चिरेतून मोज्यातली करंगळी बाहेर डोकावली, जगाकडे बघत.

"तळ कडक आहे, तो दगा देणार नाही," बाबा म्हणाले. "बाकीचं तुझ्या पायाने बघावं. पळ!"

आणि ती सुटली.

पहिल्यांदा पायात मुंग्या आल्या, अशा की डोळ्यांत पाणी. मग एकेक बोट जागं झालं. अंगठा, मग शेजारचं, मग सगळी पलटण! आणि मग पाय तळाला असा धरून बसला, जसा टॉवेल धरायचा, जशी गोटी धरायची. खाली बाबांचा कार्बन, वर आत्याची बोटं. दुसरा घोळका तिला गाठतच होता, पण गाठू शकला नाही. रेषेपाशी आत्याने तिला एकटी येताना बघितलं, कापलेला बूट बघितला आणि एका झटक्यात काय झालं ते तिला कळलं. हातातली बाटली पडली.

"बोटं पसर!" आत्या किंचाळली. "पसर बोटं आणि जा!"

शेवटची फेरी. गोदामांच्या मागे त्या तिघी एकमेकींकडे बघत, कोण आधी झेपावतंय म्हणून हळू झालेल्या. भिंगरी वाकून, नाक हँडलला लावून, मागून येतेय. अंतर कमी होतंय. चढावर वेणीवाली मान हलवायला लागली, म्हणजे ती दमली, क्लबात सगळ्यांना माहीत होतं ते. टाकीपाशी भिंगरी तिच्या मागच्या चाकाला लागली. बाबा मूठ तोंडावर धरून उभे. उतार, वळण, सरळ रस्ता, दोघी जोडीने, हँडलला हँडल, वेणी भिंगरीच्या खांद्याला लागतेय...

वेणीवाली तिसरी. भिंगरी चौथी. अर्ध्या चाकाने.

एवढंच. अर्धं चाक. थांबायला लागलेला वेळ पुरेपूर वसूल झाला होता, फक्त अर्धं चाक राहिलं. निवड समितीच्या बाईंनी तीन नावं वाचली आणि मग म्हणाल्या, "चौथी राखीव." राखीव म्हणजे सराव सगळा करायचा, आणि कुणाला ताप आला तरच बोलावणार! भिंगरीने वेणीवालीला मिठी मारली, शहाण्यासारखी, आणि मग गोदामाच्या भिंतीआड जाऊन भोकाड पसरलं.

बाबा आले. हातात तो उपटलेला सोल, रस्त्यावरून उचलून आणलेला. दुसऱ्या बाजूने आत्या आली. पळत, धापा टाकत.

"साचा लाभतो म्हणून कुणी सांगितलं होतं?" बाबांनी विचारलं.

"मी."

"नवा साचा घेतला असता तर आज तू संघात असतीस. कळतंय का?"

"कळतंय. मला पाय दाखवायची भीती वाटली."

बाबांनी हातातला सोल उलटा केला. "पोरीला पाय दाखवायची भीती वाटावी, असा बाप आहे मी?"

"आहेस," आत्या म्हणाली. थेट त्यांना. भिंगरीमार्फत नसलेलं, त्या दोघांमधलं इतक्या महिन्यांतलं पहिलं वाक्य!

"आणि तू गं?" बाबा गर्रकन वळले. "पाय तिचा इतका रुंद केलास, बोटं सोडवलीस, चांगलं केलंस, मी आज हातात घेऊन बघितलाय तो पाय. पण हा पाय उद्या बुटात जायचाय, हे तुझ्या ध्यानात आलं नाही? एकदा तरी मला सांगावंसं नाही वाटलं?"

आत्याने त्यांच्या हातातला सोल घेऊन त्याचा उंचवटा अंगठ्याने दाबला.

"तूच म्हणालास ना, पाय घालू नये म्हणून," ती हळूच म्हणाली.

"म्हणालो. मूर्खासारखा म्हणालो."

भिंगरीने नाक पुसलं. चिरेतून करंगळी हलवून बघितली. हलत होती, बेटी.

घरी आल्या आल्या बाबांनी बादली काढली. जेवण नाही, अंघोळ नाही. फळीवरून जुने साचे खाली घेतले, उलटसुलट करून बघितले, आणि भिंगरीला वाटलं, आता फोडणार! बाबा दारापाशी गेले, वाकले आणि उजव्या पायाचा साचा दाराच्या फटीत टाच आत करून ठोकून बसवला. दार हललं नाही. "चला, एका कामाचा निघाला," ते म्हणाले.

प्लास्टर कालवलं. भिंगरीने मोजे काढले, दोन्ही, सगळ्यांसमोर.

"बस," बाबा म्हणाले.

"बसून काय? उभी राहा गं!" आत्या म्हणाली. "अंगाचा भार आल्याशिवाय पाय खरा दिसतो का कधी?"

"ताई, पेडल मारताना माणूस बसलेला असतो!"

"आणि चढावर? चढावर काय करतो? झोपतो?"

"चढावर उभा राहतो, मान्य, पण म्हणून काय..."

"मग उंचवटा कितीचा ठेवणार ते आधी सांग. नाहीच ठेवायचा!"

"पातळ ठेवेन. नाहीच कसा? दमल्यावर काय करेल तो पाय?"

"दमू दे की जरा! त्याशिवाय..."

भिंगरी एक पाय बादलीवर धरून, एका पायावर, बगळ्यासारखी. पहिल्यांदा तिला जाणवलं की ती मघापासून अशीच उभी आहे आणि जमिनीवरचा तो पाय जराही डगमगलेला नाही.

"अहो, बसू की उभी राहू, ठरवा लवकर!" ती ओरडली. "प्लास्टर सुकतंय!"